धोका नकाशावर मिटवायचा की साईटवर सांभाळायचा? पुनर्विकासाच्या इमारतीसाठी पर्यायांची तुलना

स्वयंपुनर्विकासाला निघालेली सोसायटी असो की दहा-बारा मजल्यांची कामं करणारा छोटा विकासक, पहिला आराखडा टेबलावर आला की चर्चा कार्पेट (घरातलं वापराचं क्षेत्र), पार्किंग आणि एफएसआयची (प्लॉटवर किती बांधता येईल त्याची) होते. माणूस कुठून पडेल, कशाखाली दबेल, हा विषय कंत्राटदार नेमल्यावर निघतो. तोवर तळघराची खोली, डक्टची (पाइप आणि हवेसाठी मजल्यांतून जाणाऱ्या उभ्या पोकळीची) जागा, गच्चीचा कठडा सगळं ठरून गेलेलं असतं. मग सुरक्षेच्या नावाने उरतात ते हेल्मेट, हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा) आणि गेटवरचे फलक.

नकाशावरच ठरणाऱ्या काही गोष्टींचे पर्याय इथे शेजारी शेजारी ठेवले आहेत. पर्याय निवडताना आम्ही आधी एकच गोष्ट पाहतो: तो सुरक्षित राहण्यासाठी रोज कुणाला तरी काहीतरी आठवणीने करावं लागतं का? लागत असेल, तर दुसरा पर्याय महाग असला तरी तो आधी तपासावा.

तळघर: उतार देऊन खोदाई, पाइल्सचा आधार, की तळघरच नको

एका मजल्याच्या तळघराला राफ्ट (पायाचा सलग जाड स्लॅब) आणि पीसीसी (त्याखालचा साध्या काँक्रीटचा थर) धरून खोदाई साधारण साडेचार मीटरपर्यंत जाते. एकास एक उतार दिला तर चारी बाजूंनी साडेचार मीटर जागा त्यातच जाते. भिंतीच्या बाहेरून शटरिंग (काँक्रीटचा साचा) आणि वॉटरप्रूफिंग करायला आणखी मीटरभर हवी. म्हणजे साडेपाच मीटर. शहरातल्या जुन्या प्लॉटवर बाजूचं अंतर बहुधा तीन-चार मीटरच असतं. त्यामुळे नकाशावर ‘उतार देऊन खोदाई’ लिहिलेलं असलं तरी साईटवर कडा जवळजवळ उभीच कापली जाते. उतार स्वस्त आहे खरा, पण तो कागदावर मापाने बसत असेल तरच निवडावा.

पुण्याकडे वरचा थर काळ्या मातीचा, त्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. काळी माती कोरडी असताना उभ्या कापातही टिकते आणि त्यामुळेच फसवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांत साचतं आणि त्याच्या दाबाने अख्खा तुकडा खड्ड्याकडे सुटतो. कडेला समांतर भेग दिसली, तीही कडेपासून खड्ड्याच्या खोलीच्या निम्म्या ते पाऊणपट अंतरावर, तर खाली एकही माणूस ठेवू नये. आयएस ३७६४ या खोदाईच्या सुरक्षा संहितेत दीड मीटरपेक्षा खोल चरांना मातीत आधार देणं अपेक्षित आहे. साडेचार मीटर त्याच्या तिप्पट होतात.

पाइल्सचा (खोदाईआधी कडेने जमिनीत उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) पर्याय महाग आहे, पण शेजारची इमारत किंवा कंपाउंडची भिंत कडेला लागून असेल तर आमच्या मते दुसरा मार्ग नाही. त्यातही दोन गोष्टी आधी तपासाव्यात. खडक दोन-तीन मीटरवरच लागत असेल तर पूर्ण खोलीच्या पाइल्सवर पैसे घालण्याऐवजी वरच्या मातीला आधार आणि खालच्या खडकाला बोल्ट व जाळी पुरते. हे भूगर्भ चाचणीशिवाय ठरत नाही, म्हणून चाचणीची बोअर्स फक्त प्लॉटच्या मधोमध न घेता कडांजवळही घ्यावीत. दुसरं, अँकर (पाइल्सना मागे ओढून धरणारे जमिनीतले ताण) शेजाऱ्याच्या जमिनीखाली जाणार असतील तर त्याची लेखी संमती लागते. ती मिळाली नाही तर आतून स्ट्रट (आडवे टेकू) लावावे लागतात आणि मग पोकलेनला फिरायला जागा राहत नाही. मुंबईत भरावाच्या किंवा खाडीलगतच्या जमिनीत पाणी वर असतं. तिथे सुट्या पाइल्समधून पाण्यासोबत माती वाहून येते आणि शेजारच्या पायाखाली पोकळी होते. तिथे एकमेकांत गुंतलेल्या पाइल्स किंवा डायफ्रॅम वॉलच (खोदाईआधी जमिनीत ओतलेली सलग काँक्रीटची भिंत) हवी.

तिसरा पर्याय बैठकीत फारसा कुणी मांडत नाही: तळघर रद्द करून स्टिल्टवर (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यावर) स्टॅक पार्किंग (यंत्राने एकावर एक गाड्या). स्टिल्टची उंची वाढते, यंत्रांची देखभाल कायमची मागे लागते आणि पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांचा नवा धोका येतो. पण साडेचार मीटरचा खड्डा, पावसाळ्याशी शर्यत आणि शेजाऱ्याचा पाया, तिन्ही एकदम जातात. गाड्यांची संख्या त्यात बसत असेल तर हाच पर्याय पहिला तपासावा.

तळघर करायचंच असेल तर ड्रॉइंगवर एक ओळ ठळक हवी: भराव कधी टाकायचा. तळघराची भिंत बहुधा खाली राफ्ट आणि वर स्लॅब अशा दोन आधारांवर डिझाइन करतात. वरचा स्लॅब पडायच्या आधी मागे मुरूम भरला तर भिंत फक्त खालच्या आधारावर उभी राहते. मातीच्या त्रिकोणी दाबाने बुडाशी येणारं वाकण तेव्हा डिझाइनच्या अडीचपट होतं. त्यात मागून रोलर फिरला आणि पाऊस साचला तर भिंत आत येते. साईट इंजिनिअरला हे आकडे माहीत नसतात. त्याला कडेने डंपर न्यायला वाट हवी असते, म्हणून तो भरायची घाई करतो. कार्यक्रमामुळे भराव आधी टाकावा लागणार असेल तर भिंत सुटी उभी राहील अशीच डिझाइन करून घ्यावी. लोखंड वाढेल, पण क्रम चुकण्याचा प्रश्न उरणार नाही.

मजुरांच्या खोल्यांची जागाही याच टप्प्यावर लेआउटमध्ये दाखवावी. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. भिंतीच्या पायथ्याशी किंवा खड्ड्याच्या कडेला खोल्या नकोत, हे नकाशावर आखलं तरच पाळलं जातं. साईटवर एकदा सिमेंट-लोखंड उतरलं की उरलेला कोपरा मजुरांच्या वाट्याला येतो.

डक्ट: प्लायवुडचं झाकण, सळयांची जाळी, स्लीव्ह, की कायमची ग्रेटिंग

प्लायवुड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. अपघात ठरलेल्या पद्धतीने होतो. फरशीवर पडलेला प्लाय कामाला येईल म्हणून एखादा सुतार तो दोन्ही हातांनी समोर उभा उचलतो. प्लायमुळे पुढचं दिसत नाही. तो एक पाऊल टाकतो आणि नेमका त्या झाकणाखालच्या भोकात जातो. झाकण खिळ्यांनी ठोकलेलं आणि रंगवलेलं हवं, ही सूचना बरोबर आहे, पण सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लायचा तुटवडा पडला की ती टिकत नाही.

जाळीचा पर्याय म्हणजे स्लॅबच्या खालच्या सळया डक्टमधून तशाच पुढे न्यायच्या आणि तेवढ्या भागात काँक्रीट टाकायचं नाही. ८ मिमीच्या सळया दोन्ही दिशांनी १५० मिमीवर घेतल्या तर माणूस खाली जात नाही. पाय मात्र अडकू शकतो, म्हणून १०० मिमी बरी. पाइप येईल तेव्हा फक्त त्याच्यापुरत्या सळया कापायच्या, आणि कापलेल्या टोकांना गंज धरू नये म्हणून लेप द्यायचा. खर्च किरकोळ आहे. अडचण येते ती अॅल्युमिनियम शटरिंगमध्ये. तिथे डक्टचा डबा बंदिस्त असतो आणि सळया आरपार न्यायला शटर बदलून घ्यावं लागतं. म्हणून हा निर्णय शटरची ऑर्डर जाण्यापूर्वी व्हायला हवा.

स्लीव्ह (पाइप ओवायला स्लॅबमध्ये सोडलेली नळी) हा पाइपच्या डक्टसाठी उत्तम उपाय: भोकच ठेवायचं नाही. ११० मिमीच्या पाइपला १६० मिमीची स्लीव्ह स्लॅबमध्येच घालून काँक्रीट पूर्ण भरायचं. नंतर फट अग्निरोधक साहित्याने बुजवली की आग आणि धूर वर चढण्याचा मार्गही बंद होतो. त्यासाठी प्लंबिंगची ड्रॉइंग्ज पहिल्या स्लॅबच्या आधी पक्की हवीत. इथेच बहुतेक प्रकल्प हरतात. शौचालयाची जागा फ्लॅटधारकांच्या आग्रहाने स्लॅब पडल्यावर बदलली की कोअर कटिंग (तयार स्लॅबला यंत्राने गोल भोक पाडणं) आलं, आणि त्यात सळया तुटल्या.

शौचालयांना हवा देणारा डक्ट मात्र नियमाप्रमाणे आकाशाला उघडा ठेवावा लागतो. तिथे स्लीव्ह चालत नाही. तिथे दर मजल्याला गॅल्व्हनाइज्ड ग्रेटिंग (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी) आणि आत शिरायला छोटं दार द्यावं. बांधताना ती पडणाऱ्याला अडवते. पुढची चाळीस वर्षं गळती काढायला येणारा प्लंबर पाइपच्या क्लॅम्पवर पाय देऊन लटकत नाही. चारही पर्यायांत आम्ही पैसे आधी इथे खर्च करू.

स्लॅबची कड: हार्नेस की कठडा

हार्नेसवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी एक बेरीज करावी. हुक पायाजवळ अडकवला आहे असं धरा. दोरी दोन मीटर, शॉक अॅब्सॉर्बर (झटका शोषणारी पट्टी) उलगडतो पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि खाली मोकळं अंतर एक मीटर. सव्वासहा मीटर झाले. पहिल्या स्लॅबवर काम करणारा माणूस जमिनीपासून तीन-साडेतीन मीटरवर असतो. हार्नेस घातलेला, हुक लावलेला असूनही तो जमिनीवर आदळतो. खालच्या दोन मजल्यांना हार्नेस हा उपायच नाही, तिथे कड बंदच हवी.

म्हणून कडेच्या बीममध्ये दर दोन मीटरवर रेलिंगच्या खांबासाठी सॉकेट सोडायला स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरच दाखवावं. नंतर ड्रिल करून खांब बसवणारा माणूस त्याच उघड्या कडेवर बसलेला असतो. गच्चीचा कठडा विटांचा की आरसीसीचा, यातही आमचा कौल आरसीसीला आहे. विटांचा कठडा स्लॅबनंतर कधीतरी बांधला जातो, आणि तोवर गच्ची मोकळी असते. उंची एक मीटर लिहिताना ती तयार पृष्ठभागापासून मोजावी. ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवायला घातलेला वीटतुकड्यांचा थर) आणि वरचा थर मिळून १५० मिमी सहज जातात आणि कठडा ८५० वर येतो. सोलर आणि टाक्या कडेपासून दोन मीटर आत ठेवाव्यात. टाकीच्या ओट्यावर उभ्या माणसाला कठडा गुडघ्याएवढाच राहतो.

बाहेरच्या भिंतीबद्दल थोडक्यात: एसीचं आउटडोअर युनिट हात पोचेल अशा सर्व्हिस बाल्कनीत घ्या, चज्ज्यावर नको. मेकॅनिकने खिडकीतून उतरून उभं राहावं यासाठी तो चज्जा नसतो. शोभेच्या उभ्या पट्ट्यांमुळे रंगकामाचा झुला भिंतीपासून लांब राहतो. पट्ट्या हव्याच असतील तर गच्चीवर अँकर (झुल्याचे दोर अडकवायच्या पक्क्या कड्या) कुठे, ते आत्ताच ठरवा.

हे बघायचं कुणी

सगळं कंत्राटदारावर सोपवणं ही आपल्याकडची रूढ पद्धत. कायदा तसं म्हणत नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता आणि डिझायनर यांनी नियोजनाच्याच टप्प्यावर कामगारांच्या सुरक्षेचा विचार करावा, देखभालीतले धोकेही धरावेत, असं घातलं होतं. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही (ओएसएच कोड) त्यांच्या कर्तव्याचं वेगळं कलम आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या नियमांनुसार एकाहून अधिक कंत्राटदार असले की मालकाला प्रिन्सिपल डिझायनर लेखी नेमावा लागतो. सिंगापूरने २०१६ पासून एक कोटी सिंगापूर डॉलर आणि त्यावरच्या प्रकल्पांना डिझाइन-सुरक्षेची पडताळणी सक्तीची केली.

वेगळा सुरक्षा सल्लागार नेमायचा की आर्किटेक्टलाच सांगायचं? दोन तळघरं, खेटून असलेली इमारत किंवा बारापेक्षा जास्त मजले असतील तर वेगळा माणूस घ्यावा, आणि तो प्लॅन मंजुरीला जाण्यापूर्वी. त्यानंतर आलेला सल्लागार फक्त फलक वाढवतो. लहान इमारतीला आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल आणि प्लंबिंग सल्लागार यांच्या दोन एकत्र बैठका पुरतात: एक मंजुरीआधी, एक पहिल्या स्लॅबच्या ड्रॉइंगआधी. प्रत्येकाच्या शुल्कपत्रात त्या बैठका लिहून घ्याव्यात, नाहीतर कुणी येत नाही.

बैठकीतून धोक्यांची नोंदवही निघावी: जागा, धोका, नकाशात काय बदललं, काय उरलं, ते कुणाला सांगायचं. ‘हेल्मेट घालावे’ छापाच्या ओळी त्यात नकोत. या इमारतीपुरते पंधरा-वीस धोके असले तरी पुष्कळ. जे उरलं, त्याचा खर्च निविदेत वेगळ्या दराने मागवावा: रेलिंग मीटरवर, ग्रेटिंग चौरस मीटरवर, खोदाईचा आधार वेगळा. ‘दरात समाविष्ट’ लिहिलं की सगळ्यात कमी बोली त्याचीच येते, ज्याने ते धरलेलंच नाही. ताबा देताना नोंदवहीची प्रत सोसायटीकडे द्यावी: गच्चीवरचे अँकर कुठे आणि किती भाराचे, डक्टची दारं कोणत्या मजल्याला, तळघराच्या भिंतीमागे किती वजनाची गाडी उभी करता येते.