टाकी रिकामी केली आणि पंपाचं बिल लावलं

आमच्या गाडीत पेट्रोलचा वास यायचा, पण फक्त ती उभी असताना. आम्ही नवरा-बायको दोघंही लोकलने जाणारे, त्यामुळे भांडुपच्या सोसायटीत गाडी सोमवार ते शुक्रवार जागची हलत नाही. शनिवारी सकाळी मागचं दार उघडलं की नाकात भपकारा. काचा खाली करून निघालं की पाच-दहा मिनिटांत वास गायब. खाली फरशीवर थेंब नाही की डाग नाही. मे महिन्यात तर लिफ्टपाशी उभं राहिलं तरी वास यायचा. वॉचमनला आधी सांगितलं, बाबा, या बाजूला विडी पेटवू नकोस.

जवळच एलबीएस मार्गावर एक चकाचक गॅरेज आहे. एसी बसायची जागा, कॉफी, भिंतीवर टीव्ही. तिथल्या माणसाने बोनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "मॅडम, फ्युएल पंप गेलाय. हल्लीचं ई-२० पेट्रोल, वीस टक्के इथेनॉलवालं. जुन्या गाड्यांचं रबर खातं." गाडी २०१५ची, इथेनॉलबद्दल कानावर आलेलंच होतं, त्यामुळे पटलं. जुन्या गाड्यांच्या काही रबरी भागांना जास्त इथेनॉल मानवत नाही, हे खोटं नाहीच. त्या अर्ध्या खऱ्यावरच मी भाळले. वास फक्त गाडी उभी असतानाच का येतो, असं मी विचारलंसुद्धा. "वही तो पंप का लक्षण है" म्हणाला. मी मान डोलावली.

दोन दिवसांनी कागद हातात आला. पंप ९,२००, टाकी सफाई २,५००, गॅस्केट सेट १,८००, मजुरी ३,०००. एकूण १६,५००. "जीएसटीचं बिल नको असेल तर रोख १५,००० द्या." दिले. इथे चूक माझी, ती मी कोणाच्या माथी मारणार नाही. जुना पंप मागितला तर म्हणाला, कालच भंगारात गेला. गाडी देताना फुल्ल असलेली टाकी आता काट्याच्या तळाशी होती. सफाईसाठी पेट्रोल काढावं लागतं म्हणे. काढलेलं कुठे गेलं, हे विचारायचंही सुचलं नाही.

आणि खरंच, वास बंद झाला! दोन आठवडे मी ऑफिसात त्या गॅरेजचं कौतुक करत होते.

मग कर्जतला जायचं म्हणून शुक्रवारी रात्री टाकी फुल्ल केली. पंपावरच्या मुलाने नॉझल आपोआप बंद झाल्यावरही राउंड फिगरसाठी दोन वेळा चेपून भरलं. शनिवारी दार उघडलं आणि तोच भपकारा, उलट जास्तच.

या वेळी वॉचमनच्या ओळखीचे एक मेकॅनिक काका आले. साठीच्या पुढचे, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या बॅटरीचा टॉर्च काढला आणि सगळ्यांना मोबाईलसकट चार पावलं मागे केलं. मग प्रश्न सुरू. वास टाकी भरल्यावर येतो की कधीही? अर्धी झाली की कमी होतो? बोनेटकडे जास्त की डिकीकडे? पहिल्या दुकानात यातलं एकही कोणी विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं: भरल्यावर, आणि मागच्या डाव्या चाकापाशी.

"मग ताई, गळती टाकीच्या वरच्या अंगाला आहे. पेट्रोल खाली गेलं की वास बंद. पंपाकडून इंजिनला जाणारी दाबाची लाइन गळत असती तर गाडी चालू असताना वास जास्त आला असता."

मी म्हटलं, पण पंप नुकताच बदललाय. काका काही बोलले नाहीत. मागची सीट उचलली. आमच्या गाडीत टाकीतल्या पंपाचं झाकण सीटच्या खालीच आहे. झाकणावर धुळीचा सलग थर, त्यावर बिस्किटाचा चुरा, आणि बरोबर मधोमध माझ्या मुलीची लाल क्लिप, जी गेल्या दिवाळीपासून हरवली होती. काकांनी मला फोटो काढायला लावले, मगच स्क्रू सोडले. पंपावर कंपनीचं स्टिकर, छापलेला महिना-वर्ष: ०३/१५. गाडीबरोबर जन्मलेला पंप. टाकी खालून उतरवून काम केलं असेल का, असंही मी विचारलं. काकांनी टॉर्च खाली मारला. टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टवर गंज आणि गेल्या पावसाळ्यातला वाळलेला चिखल. पाना लागलाच नव्हता.

म्हणजे त्या पठ्ठ्याने केलं काय, तर पेट्रोल काढून घेतलं. वास बंद. मुंबईत लिटरला शंभराच्या वर भाव, म्हणजे तिथेही कमाई.

खरा दोष मागच्या डाव्या चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढल्यावर दिसला. टाकीत पेट्रोल भरायच्या नळीला लागून हवा निघायला एक बारीक रबरी नळी असते, ती उंदराने कुरतडली होती. दातांच्या जोड-जोड खुणा, आणि एका जागी बोटाचं पेर जाईल एवढं भोक. टिश्यू पेपर टेकवला तर ओला. तळमजल्यावर कचऱ्याचे डबे, त्यांच्या शेजारी पाच-पाच दिवस न हलणारी गाडी. उंदराला आणखी काय हवं?

नवीन होज, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून ९५० रुपये. होज पेट्रोलचाच घ्यायचा, पाण्याच्या पाइपचा तुकडा लावला तर तो महिनाभरात फुगतो, असं काकांनी बजावलं. पैसे मात्र लगेच घेतले नाहीत. आधी टाकी भरा, नॉझल पहिल्यांदा बंद पडेल तिथेच थांबा, काचा बंद ठेवून दोन रात्री गाडी उभी ठेवा, मग द्या. टाकी आधीच्याइतकी भरल्याशिवाय दुरुस्ती झाली की नाही ते कळणार कसं? सोमवारी सकाळी दार उघडलं. सीटच्या जुन्या कापडाचा वास, बाकी काही नाही.

फोटो घेऊन त्या चकाचक गॅरेजमध्ये गेले. आधी "काम करणारा मुलगा गावाला गेलाय", मग "दुसऱ्या गाडीशी घोटाळा झाला असेल". ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर मी फोन केला होता. तक्रार नोंदवायला सांगितलं, पण बिल मागितलं. माझ्याकडे लेटरहेड नसलेला, सही नसलेला चिटोरा. शेवटी नवऱ्याने कॉफी पीत बसलेल्या तीन गिऱ्हाईकांना क्लिपेचा फोटो दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मालक बाहेर आला आणि ६,००० रुपये परत दिले.

उरलेले गणपतीनंतर देतो म्हणाला. गणपती होऊन गेले.