सबव्हर्जनमधून गिटकडे: गिट-एसव्हीएन की एसव्हीएन-ऑल-फास्ट-एक्सपोर्ट?

सबव्हर्जन (एसव्हीएन) आणि गिट या कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणाली. पहिलीतला इतिहास दुसरीत हलवायची ही दोन साधनं. त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे एसव्हीएन-ऑल-फास्ट-एक्सपोर्टला एसव्हीएनटूगिट असंही म्हणतात, पण त्याच नावाचं रुबीतलं साधन आतून गिट-एसव्हीएनच चालवतं. इन्स्टॉल करताना गफलत नको. इथे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिलेलं सी प्लस प्लसमधलं साधन अभिप्रेत आहे.

वेग: गिट-एसव्हीएन नेटवर्कवरून एकेक रिव्हिजन (नोंदवलेला बदल) ओढतं. हजारभर असतील तर चालतं, लाखभर असतील तर दिवस मोजावे लागतात. दुसरं कितीतरी वेगवान, पण त्याला रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) डिस्कवरच लागते. सर्व्हर हाताशी नसेल तर आधी एसव्हीएनसिंक या सबव्हर्जनच्याच साधनाने प्रत काढा. त्या प्रतीत प्री-रेव्हप्रॉप-चेंज हुक (रिव्हिजनची माहिती बदलू देणारी स्क्रिप्ट) नसेल तर सिंक सुरूच होत नाही.

मांडणी: खरी कसोटी इथे. ट्रंक (मुख्य कोड), ब्रँचेस (फाटे), टॅग्ज (आवृत्त्यांच्या खुणा) ठरलेल्या जागी असतील तर गिट-एसव्हीएनला स्टँडर्ड लेआउटचा एक पर्याय पुरतो. मधेच ट्रंक हलवलेली असेल किंवा एकाच रिपॉझिटरीत दहा प्रकल्प कोंबलेले असतील तर ते अडखळतं. फास्ट-एक्सपोर्टमध्ये रेजेक्सचे (पाथचे नमुने जुळवणारे) नियम लिहायचे. कोणत्याच नियमात न बसणारा पाथ आला की ते थांबतं. वैताग येतो खरा, पण इतिहास गुपचूप गळत नाही.

साफसफाई: गिट-एसव्हीएन टॅग्जच्या रिमोट ब्रँच करतं, त्यांचे खरे टॅग नंतर करावे लागतात. लेखकांची यादी (सबव्हर्जनमधल्या कोणत्या नावासाठी गिटमध्ये कोणतं नाव-ईमेल) दोन्हीकडे हवी. एक्स्टर्नल्स (दुसरीकडून जोडून घेतलेले फोल्डर) दोन्हीकडे हातानेच.

एकच प्रकल्प, सरळ मांडणी, किंवा काही काळ सबव्हर्जनमध्येही कमिट करायचं असेल तर गिट-एसव्हीएन. मोठा, विस्कटलेला इतिहास एकदाच हलवायचा असेल तर दुसरं.