रानातल्या कविता : पुटपुटत वाचायचं पुस्तक

ना. धों. महानोर बहुतेकांना आधी गाण्यांतून भेटतात. 'जैत रे जैत' (१९७७) ऐकलेलं असतं, पुस्तक मात्र उघडलेलं नसतं. 'रानातल्या कविता' त्याच्या दहा वर्षं आधीचा, १९६७चा संग्रह, पॉप्युलर प्रकाशनाचा. घेणार असाल तर एक करा : गाण्याची चाल डोक्यातून काढून टाका. चालीत अक्षर हवं तेवढं लांबवता येतं. कागदावरच्या ओळीचं वजन आपल्यालाच पेलावं लागतं.

'या नभाने या भुईला दान द्यावे' घ्या. गालगागा तीनदा (गा म्हणजे गुरू, लांब अक्षर; ल म्हणजे लघु, आखूड), म्हणजे मंजुघोषा वृत्त. मुलांकडून पाठ करून घेताना तिचा हमखास कवायतीचा ठेका होतो, कारण प्रत्येक 'गा'वर सारखाच जोर दिला जातो. जोर अर्थाप्रमाणे द्यायचा, 'नभा'वर आणि 'भुई'वर. बाकीचं सरळ जाऊ द्यायचं. याच कवितेत पुढे 'चैतन्य'मधल्या जोडाक्षराने 'त' गुरू होतो, पण 'जोंधळ्याला'मधला 'ध' लघुच राहतो. 'ळ्या'चा आघात मागच्या अक्षरावर येत नाही. तिथे शाळेतला जोडाक्षराचा नियम लावला की ओळ लंगडते. वृत्त मोजीव, शब्द थेट शेतातला, आणि तरी कुठे ओढाताण नाही. हे साधणारे फार नाहीत.

ही 'जोंधळ्याला'ची ओळ पूर्ण अशी : 'जोंधळ्याला चांदणे लखडून जावे'. इंटरनेटवर 'लखडून'चं बऱ्याचदा 'लगडून' झालेलं दिसतं. मात्रा तेवढ्याच, म्हणून चूक कानाला टोचत नाही. पण चांदण्याच्या शेजारी 'लख' आलं की लखलखाटही ऐकू येतो आणि दाण्यांनी वाकलेलं कणीसही दिसतं. 'लगडून'मध्ये नुसतं ओझं उरतं.

'ह्या शेताने लळा लाविला' ही त्याहून अवघड. चोवीस मात्रांची ओळ, पहिल्या ओळीत आठ-आठवर सहज थांबता येतं. 'मी त्याच्या हिरव्या बोलीचा शब्द जाहलो' इथे तसं थांबलात तर 'हिर' आणि 'व्या' यांच्या मध्येच पाय अडकतो. ही ओळ एका श्वासात, 'बोलीचा'पर्यंत न थांबता म्हणायची. अर्थही तेच मागतो : माणूस शेताबद्दल बोलत नाही, शेताच्या भाषेतला एक शब्द होऊन बसलाय. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्यात स्वतः शेती करणाऱ्या कवीने हे लिहिलंय, हे ठाऊक नसतानाही ते पटतं.

तक्रार प्रेमकवितांबद्दल. पीक आणि स्त्रीचं शरीर यांची सांगड पहिल्या काही वेळा अंगावर काटा आणते, नंतर तिचा अंदाज येऊ लागतो. त्या कवितांतली ती स्वतः फारसं बोलत नाही. बोलतो तो तिच्याकडे पाहणारा. सलग वाचलं तर पाऊस, हिरवं, चांदणं एकमेकांत मिसळून सगळ्या कविता एकच वाटायला लागतात. दोष निम्मा वाचण्याच्या पद्धतीचा, पण निम्मा संग्रहाचाही आहे. एका बैठकीत चार-पाच कविता, प्रत्येक दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने, एवढं पुरे.

शहरात वाढलेल्या वाचकाला काही बोलीशब्द अडतील. लगेच शब्दकोश काढू नका, आधी कविता पूर्ण करा; बहुतेक शब्द शेजारच्या क्रियापदावरून उलगडतात. उरलेले घरातल्या एखाद्या शेतकरी नातेवाइकाला विचारा, ते शब्दकोशापेक्षा नेमकं सांगतील.

आठवण आणि ओसरत जाणं हवं असेल तर मात्र याच कवीचा 'पानझड' घ्या. २०००चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच आहे. दोन्ही घेणार असाल तर क्रम बदलू नका : आधी रान, मग पानझड.