पाच एचपीचा सौर कृषिपंप: पाणी दिवसा आलं, आता दुरुस्तीला तालुक्यातलाच माणूस हवा

आधी निकाल सांगते. पंप चांगला आहे. ज्यांची विहीर फार खोल नाही आणि ज्यांना वीजजोडणी अजून मिळालेली नाही, त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र विक्रेता निवडताना पंपाच्या दुप्पट चौकशी त्याच्या दुरुस्तीच्या माणसाची करावी. पंपाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, बसवणाऱ्या पोरांना पूर्ण पाच आणि नंतरच्या सेवेला दोन. हे गुण असे का, आणि या पंपामुळे आमच्या गावात कुणाला काम मिळालं नि कुणाचं गेलं, तेही लिहिते. कारण पंपाबद्दल बोलताना लोक फक्त पाण्याबद्दल बोलतात.

आमचं शेत जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. चार एकर. त्यातली दीड एकर मोसंबी, बाकी कपाशी आणि तूर, पाणी असेल तसा हरभरा. वाटणीत माझ्या वाट्याला जी विहीर आली तिच्यावर वीज नव्हती. जोडणीचे पैसे भरून आम्ही यादीत होतो. तोवर त्या विहिरीवर डिझेल इंजिन चालायचं, तासाला लिटरभर डिझेल पिणारं. सामाईक जुन्या विहिरीवर विजेची मोटार होती, पण तिथे पाळी ठरलेली आणि थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला दारं धरायला जाणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. साप, रानडुकरं, ओल्या बांधावर घसरणारा पाय, आणि मध्येच फेज गेला की अंधारात विहिरीपर्यंत चालत जायचं.

आम्ही राज्य सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अर्ज केला. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी, त्यापुढे साडेसात, असा हिशेब आहे. खर्चाचे दहा टक्के शेतकऱ्याने भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. आमचे तीस हजारांच्या थोडे वर गेले. एवढ्या पैशांत नऊ पॅनेल, लोखंडी सांगाडा, पॅनेलची वीज पंपाला जुळवून देणारी पेटी म्हणजे कंट्रोलर, पंप, केबल, वीजरोधक, अर्थिंगचे खड्डे आणि वर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा. पैसे भरल्यावर यादीतून विक्रेता आपणच निवडायचा असतो. आमच्या गावात बहुतेकांनी शेजाऱ्याने निवडला तोच निवडला, आम्हीही. त्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. मला जे सांगायचं आहे ते एका कंपनीपुरतं नाही.

आता पंप. जानेवारीत, आंबे बहाराचा ताण तोडताना, म्हणजे मोसंबीला फुलं यावीत म्हणून मुद्दाम थांबवलेलं पाणी पुन्हा सुरू करताना, त्याची खरी परीक्षा झाली. आभाळ निरभ्र, ऊन स्वच्छ. सकाळी साडेआठच्या सुमारास पाणी पडायला लागतं, अकरा ते तीन पूर्ण दाब मिळतो, चारनंतर धार बारीक होते. मोसंबीचं ठिबक एका वेळी पूर्ण चालवायचं असेल तर ते या मधल्या चार तासांतच चालवायचं. सकाळ-संध्याकाळच्या कमी दाबाच्या पाण्यावर घरचा भाजीपाला नि जनावरांचा हौद भरून घ्यायचा. एवढं वेळापत्रक बसलं की तक्रारीला जागा राहत नाही. सांगाड्याची दिशा हाताने फिरवता येते. सकाळी पूर्वेकडे, दुपारी सरळ, मग पश्चिमेकडे वळवला तर पाणी जास्त वेळ मिळतं. आमच्या सासूबाईही ते काम करतात, इतकं सोपं आहे. पॅनेलवर धूळ बसली की धार लगेच कमी होते, म्हणून उन्हं वर यायच्या आत साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसून घ्यायचे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

ढगाळ दिवशी पंप अडखळतो. पावसाळ्यात त्याने फारसं बिघडत नाही, पण ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिला आणि आभाळ मात्र भरलेलं राहिलं, तर कपाशीला पाणी द्यायची अडचण होते. आणि रात्री हा पंप एक थेंबही देत नाही, कारण बॅटरी नसते.

सगळ्यात मोठा बदल दिवसाच्या पाण्याने शेतातल्या कामात केला. आधी उन्हाळी भुईमुगाचं नावही आम्ही घेत नव्हतो, कारण रात्री पाणी द्यायला माणूस नव्हता आणि डिझेल परवडत नव्हतं. आता अर्धा एकर भुईमूग आणि थोडी मेथी-कोथिंबीर घेतली. म्हणजे ज्या महिन्यांत गावातल्या बायांच्या हाताला काम नसायचं, त्या महिन्यांत आमच्याकडे खुरपणी आणि काढणी निघाली. आमच्या वस्तीवर ज्यांच्या ज्यांच्या शेतात पंप बसले तिथे हे झालं. या बायांची कमाई कुठल्या सौरऊर्जेच्या आकड्यात मोजली जात असेल असं मला वाटत नाही, पण माझ्या दृष्टीने या योजनेतला सर्वांत मोठा रोजगार हाच आहे.

पण याच पंपाने एका माणसाचं काम नेलं, तेही लिहिलं पाहिजे. आम्ही आणि भाऊबंदांनी मिळून एक सालगडी ठेवला होता. आमच्याकडे सालगड्याचा करार पाडव्याला होतो. त्याचं अर्धं काम रात्रीच्या पाण्याचं. पंप आल्यावर पुढच्या पाडव्याला करार झाला नाही. एकट्या आमच्या घराला पूर्ण वर्षाचा माणूस पोसवत नव्हता आणि भाऊबंदांना गरज उरली नव्हती. काही महिने तो पंपाच्या सांगाड्यांसाठी खड्डे खोदायच्या कामावर होता, त्याला पैसेही बरे मिळाले. तालुक्यातलं ते काम ओसरलं आणि दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. लेकरं आजीपाशी आहेत. नवीन विजेने रोजगार येतो असं म्हणताना हा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

बसवायला आलेली पोरं परभणी-बुलढाण्याकडची होती, दोघं आयटीआय झालेली. अतिशय नेटकं काम. पाया खोदला, काँक्रीट भरून मुरू दिलं, मग येऊन सांगाडा उभा केला, केबल पाइपातून नेली, अर्थिंगमध्ये मीठ-कोळसा नीट भरला आणि पंप सोडताना दोर स्वतः तपासला. जेवायला बसवलं तेव्हा विचारलं, पगार किती? एक जण म्हणाला, “पगार नाही ताई, पंपामागे पैसे. पंप संपले की दुसरा जिल्हा.” ऊसतोडीच्या टोळीसारखंच झालं हे. काम कसबाचं, पण माणूस एका जागी नाही, उद्याची खात्री नाही, आणि आजारी पडला तर त्या दिवसाचं काही नाही. या पोरांना मी पूर्ण गुण दिले ते त्यांच्या हाताला. त्यांना ज्या रीतीने राबवतात त्या रीतीला नाही.

आणि याच रीतीमुळे नंतरची सेवा कोलमडते. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्या-विजांनंतर आमचा कंट्रोलर बंद पडला. मोसंबी लिंबाएवढी झालेली, वर आग ओकणारं ऊन. हमी आहे म्हणून टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांकही आला. पण तालुक्यात त्या कंपनीचा एकही माणूस नव्हता. छत्रपती संभाजीनगरहून एक जण यायचा होता, त्याच्याकडे अनेक तालुके. तो आला तोवर बरेच दिवस गेले आणि तोवर फळगळ सुरू झाली होती. मध्ये आम्ही भाड्याने डिझेल इंजिन आणून बाग जगवली. आलेला मुलगा हुशार होता, त्याने कंट्रोलरमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदललं आणि पंप थोड्याच वेळात सुरू झाला. दोष त्याचा नव्हताच. एवढ्या मोठ्या भागाला एक माणूस नेमणाऱ्याचा होता.

अंबडला आम्ही वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे जळालेल्या मोटारी न्यायचो त्या वाइंडिंगवाल्या काकांना मी हे सांगितलं. पूर्वी उन्हाळ्यात कमी दाबाच्या विजेने मोटारी जळायच्या आणि त्यांच्या दुकानासमोर मोटारींची रांग असायची. आता ती रांग आखूड झाली आहे. ते म्हणाले, “सौरची मोटार पाच वर्षं माझ्याकडे येणारच नाही, हमीत आहे. कंट्रोलरचं कार्ड मला समजत नाही, पण शिकवलं तर समजेल.” चाळीस वर्षं मोटारी उघडलेला माणूस हे म्हणतो. कंपन्यांनी अशाच दुकानांना तालुक्याचं सेवाकेंद्र केलं आणि चार सुटे कंट्रोलर तिथे ठेवायला दिले, तर शेतकऱ्याची बाग वाचेल आणि काकांचं दुकानही. सौरऊर्जेच्या कामासाठी तरुणांना तयार करणारा ‘सूर्यमित्र’ हा प्रशिक्षण कार्यक्रम केंद्र सरकारने 2015 मध्ये सुरू केला. जिल्ह्यात खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, आयटीआय आहेत. शिकवायला जागा आहेत, शिकणारे आहेत. फक्त शिकलेल्याला तालुक्यातच पगारावर ठेवण्याची अट विक्रेत्याच्या करारात ठळक हवी.

लोक विचारतात, शेतीची वीज फुकट झाली आहे, मग सौर कशाला? साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल 2024 पासून मोफत वीज आहे, हे खरं. त्यासाठी राज्याने वर्षाला 14,760 कोटी रुपयांचा अंदाज धरला होता. ते पैसे तिजोरीतून जातात, आणि शेतीच्या स्वस्त विजेचा काही भार आधीपासून कारखान्यांच्या बिलातही असतो. आमचे दीर जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहेत. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या विजेवर चालतात, वीज महाग झाली की पाळ्या कमी होतात, हे त्यांच्या घरात पगाराच्या दिवशी कळतं. तेव्हा माझ्या शेतातला पंप उन्हावर चालला तर त्याचा थोडा उपयोग दिराच्या नोकरीलाही आहे, असं मी मानते. हा संबंध कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत.

याच्या जोडीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 आहे. तिच्यात गावाजवळ मोठे सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरलाच, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीलाच, दिवसा वीज द्यायची, एकूण 16,000 मेगावॅट. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं. खडकाळ पडीक रान असलेल्याला हे उत्तमच. पण प्रकल्प उभा राहिला की तिथे राखणदार, गवत काढणारे, पॅनेल धुणारे, एवढीच माणसं लागतात. आणि जागा गायरानाची असेल तर शेरडं चारणाऱ्याने कुठे जावं, हे ग्रामसभेत आधी बोललं गेलं पाहिजे.

पाण्याबद्दल एक काळजी आहे आणि ती मला मनापासून वाटते. डिझेल जळत होतं तेव्हा इंजिन बंद करायला हात आपोआप जायचा. आता ऊन आहे तोवर पंप चालू ठेवावासा वाटतो. 2012-13च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी हाताने लावलेली झाडं तोडली. आमचीही त्यातली. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीने आधी पाणलोटाची कामं केली आणि मग द्राक्षं वाढवली. सौरपंप देताना ठिबक आणि बांधबंदिस्ती त्याच फाइलमध्ये जोडली गेली पाहिजे, नाहीतर आज मिळालेलं काम विहिरीसोबत आटेल.

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी विचारा. आमचा पंप वर्षातले बरेच महिने नुसता उभा असतो आणि पॅनेल ऊन खात राहतात. युनिव्हर्सल कंट्रोलर असेल तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येते. आमच्याकडे तो बसवलेला नाही. बचतगटातल्या आम्ही काही जणी तो बसवून मिळेल का याच्या मागे आहोत. गिरणी झाली तर दोन बायांना बारमाही काम आहे.

विक्रेता निवडण्याआधी त्याला हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या: तालुक्यात दुरुस्तीचा माणूस कोण, त्याचा मोबाइल क्रमांक काय, सुटा कंट्रोलर कुठे ठेवलेला असतो, चोरी झाली तर विम्याचे कागद कोण करून देणार. ज्या गावात त्याने वर्षभरापूर्वी पंप बसवले तिथे स्वतः जाऊन शेतकऱ्यांना भेटा, शक्यतो मे महिन्यात. शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आम्ही आमच्या कंपनीकडे अर्ज करायला लावला आहे, आणि अर्जासोबत आमच्या वस्तीतल्या सगळ्या पंपधारकांच्या सह्या जोडल्या आहेत.