जिवाणूंच्या प्लास्टिकला खाद्य कोणतं : मळी की द्राक्षाचा चोथा?

साखर भरपूर आणि नायट्रोजन तुटपुंजा असला की काही जिवाणू जादा कार्बन पीएचबीच्या (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट) कणांच्या रूपात पोटात साठवतात. मातीत विरणारं प्लास्टिक ते हेच. १९२६ पासून माहीत असलेलं. नाशिककडे त्यासाठी दोन खाद्यं हाताशी आहेत.

साखर कारखान्याची मळी सोपी. जवळपास निम्मी साखरच, टाकीत महिनोन्महिने टिकते. पण या कामातला नावाजलेला जिवाणू, क्युप्रियाव्हिडस नेकेटर, उसाची साखर थेट खात नाही. आधी तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करून द्यावं लागतं. शिवाय मळीसाठी इथेनॉलवाले आधीच रांगेत. तिला टाकाऊ म्हणायला जीभ रेटत नाही.

वायनरीतल्या चोथ्याचं प्रकरण गमतीचं. रेड वाइनचा रस सालीसकट आंबतो, म्हणजे साखर यीस्टने आधीच फस्त केलेली. व्हाइटची द्राक्षं मात्र आंबवण्याआधीच दाबतात, त्यामुळे चोथा ओलसर, गोड, बोटांना चिकटणारा. जिवाणूंना हवा तो हाच, आणि यात ग्लुकोज-फ्रुक्टोज आयतंच. अडचण हंगामाची: जानेवारी ते मार्च, मग खडखडाट. ढीग उघडा राहिला की चिलटं आणि बुरशी. साली-बियांतले पॉलिफिनॉल, म्हणजे तुरट द्रव्यं, तीही जिवाणूंना जाचतात.

वर्षभर चालणारा मोठा प्रकल्प असेल तर मुकाट्याने मळी घ्यावी. दिंडोरीतल्या वायनरीच्या आवारातच छोटं युनिट टाकायचं असेल, तर मी व्हाइटचा चोथा निवडेन. गोड पाणी लगेच काढून आटवून ठेवायचं. नुसतं पीएचबी ठिसूळ असतं, मल्चिंग पेपरसाठी त्यात लवचीकपणा आणणाऱ्या व्हॅलरेट या दुसऱ्या घटकाची जोड लागते. ती कटकट दोन्हीकडे सारखीच.