दीड टनाचा ट्रेलर, साडेसहाशे किलोची चाकं

पिकअपला जोडायला ट्रेलर घ्यायला गेलात आणि विक्रेत्याने पहिलाच प्रश्न ‘किती फुटी हवा?’ असा केला, तर सावध व्हा. फूट टेपने मोजता येतात, त्यात कोणी फसवत नाही. फसवणूक होते ती किलोंमध्ये. माझे सव्वा लाख तिथेच गेले.

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आहे. खत, चिरे (जांभ्या दगडाचे), पाण्याची टाकी, हंगामात बोंडूंचे, म्हणजे काजूच्या फळांचे क्रेट, सगळं पिकअपच्या हौद्यात मावत नाही. उत्तर गोव्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेटरने ८ बाय ५ फुटांचा, एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर दाखवला. पुढे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकलेली, तिच्यावर ‘क्षमता १५०० किलो’. ‘दीड टन आरामात वता, पात्रांव!’ म्हणजे दीड टन आरामात जातो मालक, असं तो म्हणाला. हा निव्वळ माल की ट्रेलर धरून, असं मी मुद्दाम विचारलं. मालच, म्हणाला, आणि बिलावर तसं लिहूनही दिलं. कागदावर रिकामं वजन होतं २०० किलो.

होंडा गावाच्या पुढे वाळपईकडे येताना तीसेक चिरे भरले होते, म्हणजे पाऊण टनाच्या आसपास. एका खड्ड्यात ट्रेलरचं नाक उडालं आणि बॉलवरून, म्हणजे पिकअपच्या मागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावरून सुटलं. साखळी होती म्हणून ट्रेलर रस्त्यावरच राहिला. मागून स्कूटरवर कोणी नव्हतं, हे नशीब.

जॅक लावून बघणाऱ्या टायरवाल्याने काही न बोलता टायरच्या कडेवर बोट ठेवलं. १४५/७० आर १२, आणि त्यापुढे ६९. हा ६९ म्हणजे लोड इंडेक्स, एका टायरला जास्तीत जास्त ३२५ किलो. जुन्या मारुती ८०० ला असायचे तेच माप. दोन टायर, ६५० किलो. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलं. ते डिचोलीच्या वजनकाट्यावर केलं तर भरलं ४३० किलो, कागदावरच्या दुपटीहून जास्त. म्हणजे मालासाठी उरले २२०. नाकावरचा थोडा भार पिकअप उचलते, तो धरला तर फार तर आणखी तीन-चार चिरे! पट्टीवर मात्र १५००.

आता बॉलचं. आपल्याकडे ५० मिलिमीटरचेही बॉल मिळतात आणि दोन इंचीही. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्यांना फरक कळत नाही, पण दोन इंची कपलरमध्ये, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरच्या खोबणीत ५० चा बॉल बसवला की तो सैल राहतो. मला हीच जोडी दिली होती. बॉलवर आणि कपलरवर माप कोरलेलं असतं, दोन्ही वाचा. त्यात अ‍ॅक्सल नेमका हौद्याच्या मध्यावर. तो मध्याच्या जरा मागे हवा, कारण भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडणीवर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर मागून शेपूट हलवतो आणि खड्ड्यात नाक उचलतो. फार आला तर पिकअपची मागची बाजू बसते आणि स्टिअरिंग हलकं लागतं. हा भार पिकअपच्या हौद्याच्या क्षमतेतूनही वजा होतो, हे विक्रेते कधीच सांगत नाहीत.

मग माप कसं ठरवायचं? आधी माल बघा. ८ बाय ५ च्या हौद्याला एक फूट फळ्या लावल्या की ४० घनफूट झाले, ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) हिशेबाने अर्ध्याहूनही कमी. ऐकायला थोडं वाटतं, पण ओली रेती काठोकाठ भरली तर दोन टनांच्या आसपास जाते. मधल्या आकाराच्या पिकअपमागे एका अ‍ॅक्सलवर ते ओढणं म्हणजे वेडेपणा. रोपं, मंडपाचं सामान, सुकं गवत नेत असाल तर मोठा हौदा चालेल. चिरे, रेती, पाणी नेत असाल तर लहानच घ्या, म्हणजे जास्त भरायचा मोहच होणार नाही. पाण्याचा हिशेब सोपा, ५०० लिटर म्हणजे ५०० किलो, टाकी वेगळी. आणि गाडीच्या पुस्तकात ओढायची मर्यादा दिली असेल तर तिच्यात ट्रेलर आणि माल दोन्ही धरायचे. रुंदीही बघा. आमच्याकडच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या वाटेवर पिकअपहून रुंद ट्रेलर मागे घेणं म्हणजे रोजची शिक्षा.

कागदांचे पैसे त्या फॅब्रिकेटरने वेगळे घेतले होते, ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणून. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते. त्यासाठी विक्रीचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ लागतो. मला दिलेल्या फॉर्म २२ वरचा चेसिस नंबर दुसऱ्याच ट्रेलरचा निघाला. तेव्हा आगाऊ रक्कम द्यायच्या आधी दोन्ही फॉर्म हातात घ्या आणि लोखंडावर कोरलेला नंबर त्यांच्याशी अक्षर न अक्षर जुळवा. घासून पुन्हा रंगवलेला भाग दिसला तर तिथूनच परत फिरा.

जाब विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘तुमीच चड भरलां,’ म्हणजे तुम्हीच जास्त भरलंत. ज्याने दीड टन लिहून दिला, तोच हे सांगतो! ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. एक मात्र बघा. व्यापारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतलेली बसते. माझं बिल कुठल्या धंद्याच्या नावावर नाही, माझ्या नावावर आहे. वकिलाने पहिल्यांदा तेच तपासलं.