सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला साज : काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो, हे शहादा-दोंडाईचा पट्ट्यात कुणाला सांगायला नको. मारवाडी, काठेवाडी, नुकरा, कुणाची रेवाल (धक्के न देणारी जलद) चाल कशी, कुणाची देवमण (गळ्यावरचा केसांचा भोवरा) कुठे, यावर दरवर्षी भरपूर चर्चा होते. साजाच्या दुकानांवर मात्र कुणी बोलत नाही. घोडा निवडायला चार दिवस घालवणारा माणूस साज अर्ध्या तासात उरकतो, तोही रंग आणि झालर बघून. मग घरी गेल्यावर घोडा मान वर फेकतो, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना चावतो, जागेवर उभा राहत नाही, आणि दोष घोड्याच्या माथी बसतो.

हे परीक्षण त्या दुकानांचं आहे. घोड्याला न मारता, न घाबरवता, संथपणे शिकवायचंय आणि त्याच घोड्यावर नव्या स्वारालाही तयार करायचंय, अशा माणसासाठी ते लिहिलं आहे. वरातीत नाचवण्याचा साज शोधणाऱ्याला याचा फारसा उपयोग नाही.

घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब सुटल्यामुळे शिकतो. दोर हलका ताणला, घोड्यानं एक पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी दोर सैल झाला, तर पुढच्या वेळी निम्म्या ताणात पाऊल पडतं. सैल करायला दोन-तीन सेकंद उशीर झाला की सुटका कशाबद्दल मिळाली हे त्याला उमगत नाही. ताण तसाच राहिला तर तो दोरावर अंग टाकून उलटा ओढतो. म्हणून दुकानातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच गोष्ट तपासायची: घोड्यानं ऐकलं की ही वस्तू त्याला पूर्ण सोडते का?

या कसोटीवर सगळ्यात वर येते ती बाजारातली सगळ्यात साधी वस्तू, सुती दोराची म्होरकी, म्हणजे तोंडात काही न घालता डोक्यावर चढवायचा साज. डोक्यावरचा दोर ८ ते १० मिमी आणि धरायचा दोर १२ ते १४ मिमी जाड असावा. धरायच्या दोराची लांबी साडेतीन ते चार मीटर हवी. तयार दोर आखूड असेल तर मापानं कापून घ्यावा. आखूड दोरात माणूस घोड्याच्या पुढच्या पायांजवळ अडकतो. घोडा बिचकून उडाला की सैल द्यायला दोरच उरत नाही, मग झटका बसतो आणि बिचकणं वाढतं. नायलॉनचा दोर रंगीत आणि टिकाऊ असतो, पण तो तळहात जाळतो आणि ताण बसलेली गाठ सुटत नाही. सुतीच घ्या. नाकावरचा पट्टा गालाच्या उभ्या हाडाच्या खालच्या टोकापासून दोन बोटं खाली यावा. त्याहून खाली गेला तर नाकाचं हाड संपून कूर्चा लागते, तिथे दुखतं आणि श्वासही अडतो. रात्री पागेत म्होरकी काढून ठेवावी, कारण खिळ्यात किंवा गव्हाणीत अडकली तर घोडा मान मोडून घेतो. लगाम, म्हणजे तोंडात बसणारी धातूची कांडी, घातलेला घोडा त्या लगामेनं कधीच बांधू नये.

या म्होरकीवर किमान महिनाभराचं काम होतं, आणि ते झाल्याशिवाय लगामेकडे वळू नये. पहिलं काम म्हणजे माणूस हलला तरी घोड्यानं जागेवर उभं राहणं. मग एक पाऊल मागे घेणं, मग मागचा भाग बाजूला टाकणं आणि शेवटी माणसाच्या खांद्याशी खांदा ठेवून सैल दोरावर चालणं. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत. घोड्यानं ओठ सैल केले, जबडा चघळला, मान खाली आणली की तिथेच थांबायचं. कान मागे, शेपटीचे फटके, नाकपुड्या ताणलेल्या दिसल्या तर आपण एक पायरी जास्त चढलो आहोत, मागच्या पायरीवर यायचं.

गोल फिरवायचा लांब दोर सात-आठ मीटरचा हवा. त्यापेक्षा आखूड घेतला तर वर्तुळ लहान होतं आणि सांध्यांवर तिरका भार येतो. तीन वर्षांच्या आतल्या शिंगराला असं फिरवूच नये. मोठ्या घोड्यालाही सुरुवातीला प्रत्येक बाजूनं पाच मिनिटं बास. दोर हाताला गुंडाळायचा नाही, आडव्या घड्या करून धरायचा. जागेचंही बघा. आपली काळी माती ओली असताना नाल ओढून काढते आणि सुकल्यावर भेगांत खूर अडकतो. मुरमाची किंवा घट्ट वाळूची जागा चालेल. नांगरलेलं शेत मऊ दिसतं, पण पायाच्या नसांना तेच महागात पडतं.

आता लगाम. बाजारात सगळ्यात जास्त नुकसान याच वस्तूनं होतं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, हाडावर पातळ कातडी एवढंच तिथे असतं. लगाम तिथेच बसते. काटेरी लगामेचे काटे त्या हाडावर, जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यात रुततात. रास, म्हणजे स्वाराच्या हातातला पट्टा, सैल सोडली तरी काटे तोंडात असतातच. म्हणजे घोड्यानं ऐकलं तरी त्याला सुटका नाही. मग तो मान वर फेकून पळतो, स्वार आणखी ओढतो, आणि शेवटी ‘तोंडाचा कडक आहे’ म्हणून पुढच्या वर्षी तोच घोडा बाजारात उभा राहतो. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटेरी लगाम वापरण्यावर बंदी आहे, आणि ती स्वारीलाही लागू आहे. अशी लगाम टांगलेल्या दुकानातून दुसरं काहीही घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘याच्याशिवाय मारवाडी थांबत नाही’ हे वाक्य ऐकू येईल. म्होरकीवर थांबायला शिकलेला मारवाडी साध्या लगामेवर थांबतो.

घ्यायची ती मध्ये सांधा असलेली, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना गोल कड्यांची लगाम. कडीजवळची जाडी १४ ते १८ मिमी असावी. बारीक लगाम जास्त रुतते. पण फार जाड लगाम मारवाडीच्या निमुळत्या तोंडात मावत नाही. जीभ जाड आणि टाळू खाली असेल तर मध्ये छोटा दुवा असलेली, दोन सांध्यांची लगाम बरी पडते, कारण एकाच सांध्याचं टोक टाळूला लागू शकतं. मापासाठी घरूनच एक सुतळी घोड्याच्या तोंडातून आडवी घालून ओठांच्या दोन्ही कडांशी गाठी मारून आणा. लगाम त्या मापापेक्षा सुमारे ५ मिमी रुंद हवी. अरुंद असेल तर ओठ चिमटतात. फार रुंद असेल तर ती इकडून तिकडे सरकते.

धातूही तपासा. लोहचुंबक सोबत न्या: चांगलं स्टेनलेस स्टील त्याला चिकटत नाही किंवा फार थोडं ओढलं जातं, मुलामा दिलेलं लोखंड टक्कन चिकटतं. मुलाम्याचे पापुद्रे काही महिन्यांत सुटतात आणि जीभ कापतात. मग कापसाचा बोळा सांध्यावरून आणि कडीच्या भोकावरून फिरवा. तंतू अडकले तर तिथे खरखर आहे, परत ठेवून द्या. लगाम बसवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती पडावी. नाकपट्टा असेल तर त्याखाली दोन बोटं सहज जावीत. साधारण अडीच ते साडेचार वर्षांत दात-दाढा बदलतात. तेव्हा तोंड दुखत असतं, म्हणून पशुवैद्याकडून दात तपासल्याशिवाय लगाम घालू नये.

लांब दांड्यांची, हनुवटीखाली साखळी असलेली लगाम हाताचा जोर पटींनी वाढवते. मुरलेल्या घोड्यावर, तोल न जाणाऱ्या स्वाराच्या हातात ती चालते. शिकाऊ स्वार तोल गेला की रास ओढतो. त्याच्या हातात ती देणं घोड्यावर अन्याय आहे. जेरबंदाचंही, म्हणजे नाकपट्ट्यापासून पुढच्या पायांमधून तंगाला जाणाऱ्या पट्ट्याचंही, तसंच. घ्यायचाच असेल तर घोडा सहज उभा असताना पट्टा वर ढकलून गळ्याखाली टेकतो का ते बघा. टेकत नसेल तर तो घोड्याचं डोकं कायमचं बांधून ठेवतो.

खोगिरांच्या दुकानात मखमल, आरसे आणि झालरी खच्चून भरलेल्या असतात. तिकडे न बघता खोगीर आधी उलटं करा. पाठीच्या कण्यावर येणारी मधली फट तीन-चार बोटं रुंद आणि पुढून मागपर्यंत सलग हवी. दोन्ही बाजूंच्या गाद्या सारख्या जाड हव्यात. पुढचा भाग मांडीवर टेकवून मागची कड स्वतःकडे ओढा. करकर आवाज आला किंवा खोगीर मधून वाकलं तर आतला सांगाडा मोडका आहे, भाव कितीही उतरला तरी नको. चामडं दुमडून बघा, पृष्ठभागावर बारीक तडे गेले तर ते सुकलेलं आहे. कानपूरकडच्या घडणीचं साधं इंग्रजी पद्धतीचं चामडी खोगीर मिळालं तर रंगीत खोगिरापेक्षा ते केव्हाही बरं, फक्त घोड्याला बसलं पाहिजे.

बसलं म्हणजे काय? नमदा (खोगिराखालची जाड गादी) न घालता ते घोड्याच्या पाठीवर ठेवा. मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा असतो त्याच्यावर, स्वार बसल्यावरही, दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. अरुंद खोगिराखाली जाड नमदा घालायचा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो उलटा पडतो. त्यानं खोगीर आणखी आवळतं, आधीच घट्ट चपलेत मोजा घातल्यासारखं. वीस मिनिटं काम करून खोगीर काढल्यावर घामात कोरडे डाग दिसले तर तिथे दाब जास्त आहे. काही महिन्यांनी त्या जागी पांढरे केस येतात. घोडा विकत घेतानाही पाठीवरचे असे पांढरे ठिपके आणि ओठांच्या कोपऱ्यातले वण बघावेत, आधीच्या मालकाचा साज त्यावरून कळतो.

वजनाचा हिशेबही करून जा. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (कुल्ल्याच्या) टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० ने भागा. येतं ते किलोतलं अंदाजे वजन. घेर १६५ आणि लांबी १६० असेल तर सुमारे ३६७ किलो. स्वार आणि साज मिळून याच्या २० टक्क्यांपुढे जाऊ नये, म्हणजे ७३ किलो. आठ किलोचं खोगीर असेल तर स्वाराला ६५ उरतात. धिप्पाड पाहुण्याला हौसेनं बसवताना हा आकडा लक्षात असू द्या.

तंग सात ते दहा सेंटीमीटर रुंद, सुती विणीचा घ्या. अरुंद नायलॉन कोपराच्या मागे कातडी कापतो. तो एकदम कसायचा नाही: आधी नुसता टेकवायचा, घोडा चार पावलं चालवायचा, मग एक भोक, पुन्हा चालवून दुसरं. एका दमात कसलेल्या तंगामुळेच घोडे पोट फुगवायला आणि चावायला शिकतात.

नक्षीच्या पितळी रिकिबी दिसायला देखण्या असतात, पण बऱ्याच अरुंद असतात. पाय घुसला तर पडलेला स्वार फरफटत जातो. बुटाच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा अडीच सेंटीमीटर जास्त रुंदी हवी. बुटाला टाच हवी, तळ सपाट हवा, आणि चपलेत कुणालाही बसवू नये. नव्या स्वारासाठी घोड्याच्या गळ्यात एक साधा चामडी पट्टा घाला. तोल गेला की तो धरायचा, रास नाही. पहिले काही धडे लांब दोरावर, स्वाराच्या हातात रास न देता घेतले तर घोड्याचं तोंड वाचतं आणि स्वाराचं बूडही बसतं. हेल्मेट बाजारात शोधत बसू नका. घोडेस्वारीचं, एएसटीएम एफ ११६३ (घोडेस्वारीच्या हेल्मेटचं अमेरिकी मानक) किंवा तत्सम मानांकनाचं मागवून घ्या. मोटरसायकलचं जड पडतं, क्रिकेटचं या कामाचं नाही.

खरारा (अंग घासायचा ब्रश) रबरी घ्या, लोखंडी नको. कलगी, घुंगरू नंतर कधीही मिळतात. अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना बांधायचे दोर) मुक्कामापुरती ठीक, पण दिवसभर त्यात उभा राहिलेला घोडा शिकण्याच्या मनःस्थितीत नसतो.

वापरलेला तोबरा (तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी) आणि वापरलेली लगाम अजिबात घेऊ नका. शेकडो घोडे एकत्र येतात तिथे ग्लँडर्ससारखा रोग नाकातोंडाच्या स्रावातून, चाऱ्या-पाण्यातून पसरतो, आणि तो माणसालाही होतो. जुनं खोगीर घेतलंच तर साबणानं पुसून, सावलीत वाळवून वापरा. चामड्याला मार्चआधी एकदा चामड्याचं तेल हलक्या हातानं द्या. आपल्याकडचा ४५ अंशांचा मे महिना कोरड्या चामड्याला तडकवतो, आणि रिकिबीचा पट्टा तुटतो तो नेमका घडीपाशी.

घोडा आणि खोगीर एकाच दिवशी घ्यायचा मोह आवरावा. बाजारासाठी गूळ-तूप खाऊ घालून गुबगुबीत केलेला घोडा कडबा आणि मोजक्या चंदीवर (दाण्याच्या खुराकावर) आला की दोन-तीन महिन्यांत पाठीचा आकार बदलतो, आणि तेव्हा बसलेलं खोगीर उंचवट्यावर टेकायला लागतं. त्या दिवशी म्होरकी, दोन दोर, खरारा आणि जमल्यास साधी लगाम एवढंच घ्या. पाठ स्थिरावल्यावर वाकणारी जाड तार खांद्याच्या हाडामागे दोन बोटांवर आडवी ठेवून पाठीच्या आकारात दाबा, तो आकार कागदी पुठ्ठ्यावर उतरवून कापा. त्यावर तारीख आणि घोड्याचं वजन लिहा आणि खोगीर घ्यायला जाताना तो पुठ्ठा सोबत न्या. दुकानदारानं सांगाडा पुठ्ठ्याला लावून दाखवला तर भाव बोला.